होडीवर एक माणूस

जनूभाई पावसे आजच्या काळाला शोभतात का, असा प्रश्न मला विचारण्यात आला तेव्हा मी पक्षाच्या जिल्हा कार्यालयात बसून टाइपरायटरच्या जागी आलेल्या संगणकाला शिव्या घालत होते. विचारणारे दोघे मुंबईहून आलेले निरीक्षक. पांढरे शुभ्र बूट, हातात टॅब. जनूभाई तेव्हा विधानसभेत आमच्या पक्षाचे गटनेते होते, आम्ही विरोधी बाकांवर, आणि गटनेता बदलावा की काय याची चाचपणी करायला ही जोडगोळी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होती. पदाधिकाऱ्यांना विचारून झालं, तेव्हा त्यातल्या एकाने सहज म्हणून माझ्याकडे मोहरा वळवला. "बाई, तुम्ही तर त्यांना खूप वर्षं ओळखता. तुमचं काय मत?"

मी म्हटलं, "माणूस सोन्यासारखा आहे हो. पण आवाज कमी पडतो. आताच्या काळाला आवाज लागतो."

त्याने ते लगेच टॅबवर उतरवून घेतलं. बावीस वर्षं ज्या माणसाचे प्रश्न मी टाइप केले, त्याच्याबद्दल माझ्या तोंडून हे गेलं. आता ते मागे घ्यायचं तर अर्ज कुणाकडे करायचा मला ठाऊक नाही, म्हणून हे लिहिते आहे.

जनूभाई आमच्या ऑफिसात यायचे ते आधी वासाने. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी ते हर्णेहून रत्नागिरीला येत. एसटीत हाडं खिळखिळी करत पाच तास. निघताना वहिनी सुकट नाहीतर सुके बोंबील वर्तमानपत्रात बांधून देत, "मंदाला दे" म्हणून. मंदा म्हणजे मी. ते पुडकं मांडीवर घेऊन बसलेल्या आमदाराच्या शेजारी कोण बसणार? "दोन माणसांची सीट एकट्याला मिळते गो," असं ते मोठ्या समाधानाने सांगत. गाडी होती त्यांच्याकडे, पण ती बहुतेक वेळा हर्णेतल्या कुणाला तरी दापोलीच्या दवाखान्यात घेऊन गेलेली असे.

ऑफिसात त्यांच्यासाठी उंच पाठीची खुर्ची होती. तिच्यावर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. दाराजवळच्या बाकावर बसायचे, भेटायला आलेल्या माणसांच्या रांगेत. नवखा माणूस त्यांनाच विचारायचा, "पावसेसाहेब आले का हो?" आणि ते म्हणायचे, "आलेत. तुमचं काय काम हाय?" काम ऐकून घेऊन, टिपून घेऊन झालं की मग सांगायचे, मीच तो. तोवर माणसाने खरं काय ते सांगितलेलं असे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने टिपायची त्यांची सवय. माझ्याकडे टाइप करायला कागद यायचा त्याच्या एका अंगाला 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' आणि दुसऱ्या अंगाला खाडीतल्या गाळाचा प्रश्न.

बी.ए. झालेला खलाशी होता तो. वडिलांच्या होडीवर अकरा वर्षं काढलेला. मग मच्छीमार सोसायटी, मग आमदारकी. पण डोक्यातला लिलाव काही गेला नाही. हर्णेच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो तेव्हा जाणत्या बाया बोली लावण्याआधी माशाचा कल्ला उघडून बघतात. आत लाल असेल तर मासा ताजा. कुणी काही बातमी घेऊन आला, मंत्री फुटतोय, अमका आपल्याकडे येतोय, की जनूभाई एवढंच विचारत, "कल्ला उघडून बघितलास काय?" निम्मे बातमीदार तिथेच गार व्हायचे.

विधेयक हातात आलं की ते शेवटच्या पानापासून वाचायला घेत. मला याचा राग यायचा. मी पानं लावून, टाचून द्यायची आणि हे उलटीकडून सुरुवात करणार. एकदा मी बोललेच, "भाई, देवनागरी आहे, उर्दू नव्हे." तर म्हणाले, "पहिल्या पानावर उद्देश असतो गो. उद्देश सगळ्यांचेच चांगले असतात. कुणाची जागा जाणार ती यादी शेवटाला असते."

त्यांचे प्रश्न एका ओळीचे. मी आपली शिकलेली बाई, दोन-तीन वाक्यं घालून प्रश्न सजवायला बघायची. ते पेन्सिलीने सगळं खोडत. "दुसरं वाक्य दिलंस की मंत्री त्या वाटेने पळतो." त्यांचा एक प्रश्न मला अजून पाठ आहे. एका जेट्टीबद्दल होता. सदर जेट्टी पूर्ण झाली आहे काय? बस्स. मंत्र्यांनी छापील उत्तर दिलं, होय. खरं म्हणजे जेट्टी अर्ध्यात तुटल्यासारखी थांबलेली होती, पुढे नुसत्या लोखंडी सळ्या. जनूभाई उपप्रश्नाला उठले आणि त्यांच्या त्या घशातल्या घशातल्या आवाजात म्हणाले, "मंत्रिमहोदयांनी उद्घाटनाला यावं. जेट्टीच्या टोकापर्यंत चालत जावं. आम्ही खाली होडी घेऊन उभे राहू, उचलायला." सभागृह हसलं, मंत्रीही हसले, आणि दीड वर्षात जेट्टी खरोखर पूर्ण झाली.

पण हा असला विनोद टीव्हीवर दिसत नाही. टीव्हीवाल्यांनी त्यांना एकदाच चर्चेला बोलावलं. चौघेजण पाऊण तास एकमेकांच्या अंगावर ओरडत होते, हे शांतपणे एकेकाच्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी सूत्रसंचालक बाईंनी विचारलं, "पावसेसाहेब, तुमची भूमिका?" तर हे म्हणाले, "ह्यांचं होऊ दे. मग सांगतो." कार्यक्रमच संपला. आम्ही ऑफिसात कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी फोन केला तर मला म्हणतात, "चहा बरा होता त्यांचा."

आता ती गोष्ट सांगते, जिच्यावरून पुढचं सगळं झालं.

गटनेते झाल्यावर पहिल्याच वर्षी सरकारने एक विधेयक आणलं. किनाऱ्यावरच्या ज्या जागांना कागदोपत्री मालक नाही, त्या एका नव्या मंडळाकडे द्यायच्या. कोळणी मासळी वाळत घालतात त्या पुळणीला कुठला आलाय सातबारा? पिढ्यान्‌पिढ्या वाळवतात, म्हणून वाळवतात. जनूभाईंनी विधेयक शेवटच्या पानापासून दोनदा वाचलं, विरोधाचे मुद्दे सात लग्नपत्रिकांवर उतरवले, मी ते टाइप करून मुंबईला धाडले. त्या दिवशी सकाळी सभागृहात भलत्याच विषयावरून गोंधळ झाला. एका मंत्र्याच्या तोंडून काहीतरी वावगं गेलं, आपली तरुण मंडळी खवळली, सभात्याग, सभात्याग असा ओरडा झाला. गटनेता म्हणून जनूभाईंना सगळ्यांच्या पुढे व्हावं लागलं. पायऱ्यांवर घोषणा, कॅमेरे, दहा-पंधरा मिनिटं. परत आत गेले तेव्हा विधेयक संमत झालेलं होतं.

त्यानंतर वर्षभराने एका वाडीतल्या वाळवणाच्या जागेला कुंपण पडलं. बाया कोर्टात गेल्या. आणि एका गुरुवारी गजराकाकी आमच्या ऑफिसात आली. जनूभाईंची लांबची काकी, सत्तरीची, अजून डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी. बरोबर दोघी बाया. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने एक कागद काढला, सरकारने कोर्टात दिलेलं उत्तर.

"जनू, ह्यात काय लिवलंय ता वाच."

जनूभाईंनी वाचलं. सदर विधेयक सभागृहाने एकमताने संमत केले आहे.

"एकमतानं म्हंजे तुजं बी मत धरून?"

"होय काकी."

"मंग तू व्हतास कुठं तवा?"

"बाहेर. पायऱ्यांवर. घोषणा देत होतो."

"कसल्या रं घोषणा?"

जनूभाईंनी आठवून बघितलं. त्यांना आठवेना. मी समोर बसले होते, मलाही आठवेना. काकी रागावली नाही, तेच वाईट. तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला, पाटी उचलली आणि म्हणाली, "बरं, असू दे. कामात व्हतास तू." त्या गेल्यावर तो माणूस बाकावर बसून राहिला, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्यासाठी न विचारता चहा मागवला. तो तसाच थंड झाला.

मग ते बोलायला लागले. हर्णेत होड्या किनाऱ्याला लागत नाहीत, आत पाण्यात नांगर टाकून उभ्या असतात. सण असो, मयत असो, सगळे खलाशी उतरले तरी होडीवर एक माणूस ठेवायचा, ही तिथली रीत. एका शिमग्याला पालखी नाचत होती, आणि होडीवर राहायची पाळी जनूभाईंची होती. बावीस वर्षांचे, त्याच वर्षी लग्न झालेलं, बायको किनाऱ्यावर नवी साडी नेसून पालखी बघायला उभी, आणि हे होडीवर चरफडत. दुपारी वारा फिरला. नांगर घसरायला लागला आणि एकीमागून एक सगळ्या होड्या खडकाकडे सरकायला लागल्या. ढोलताशांच्या कल्लोळात कोण ऐकणार?

"मग?" मी विचारलं.

"मग काय. ओरडलो."

"ऐकू गेलं?"

"पालखी थांबली गो," ते म्हणाले. तेवढंच. मग स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "आणि मी येडा, सगळ्यांना घेऊन उतरलो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पक्षात नियम केला. सभात्याग कितीही करा, आपला एक माणूस आत बसलाच पाहिजे. पाळ्या लावून दिल्या. नियम साधा आणि शहाणपणाचा, पण पक्षाला तो पचला नाही. सगळे बाहेर घोषणा देतायत आणि एक आमदार आत बसलाय, म्हणजे पक्षात फूट, अशा बातम्या लागल्या. वरिष्ठांनी खुलासा मागवला. तरुण आमदार कुरकुरायला लागले, की पाळी आली की आम्ही टीव्हीवर दिसत नाही. त्यातले अभिजितराव पुढे झाले. वाईट नव्हते हो ते. उंचपुरे, हुशार, आवाज असा की माइकची गरज नाही, आणि मोबाइलवर त्यांची भाषणं पोरं एकमेकांना पाठवत होती. मीही बघत होते. मला आवडतही होती. निरीक्षक आले तेव्हा माझ्या कानात तोच आवाज होता, हे कबूल केलेलं बरं.

पुढच्या गुरुवारी जनूभाई आले. मी पुडकं घेतलं नाही. म्हटलं, आधी ऐकून घ्या. आणि निरीक्षकांना काय बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. सांगताना रडू यायला लागलं, मग त्याचाच राग येऊन मी आणखी ताडताड बोलले.

त्यांनी ऐकून घेतलं. "खोटं काय बोललीस त्यात? आवाज कमीच हाय."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला थोडा. तू तरी कल्ला उघडून बघायचा होतास," असं म्हणून हसले, आणि पुडकं माझ्या टेबलावर ठेवून बाकावर जाऊन बसले. त्यात नेहमीच्या सुकटीऐवजी सोडे होते, सोलून सुकवलेली कोलंबी. महागाचे. आता अशा माणसाला काय म्हणायचं!

महिनाभरात पद गेलं. राजीनामा मीच टाइप केला. रीतीप्रमाणे मी 'प्रकृतीच्या कारणास्तव' घातलं, त्यांनी पेन्सिलीने खोडलं. "प्रकृती बरी हाय माझी. सकाळी चार भाकऱ्या खाऊन आलोय." एका ओळीचा राजीनामा गेला. अभिजितराव गटनेते झाले, आणि पाळ्यांचा नियम त्यांनी पहिल्याच बैठकीत काढून टाकला. एकजूट दिसली पाहिजे, बाहेर पडताना सगळे बाहेर. त्या बैठकीत जनूभाई एवढंच म्हणाले म्हणे, "मी आत बसणार."

"भाई, मग मला कारवाई करावी लागेल. पुढचं तिकीटसुद्धा..."

"कर ना. तुझं काम तू कर."

हिवाळ्यात एक दिवस त्यांनी मला विधान भवनाचा प्रेक्षक पास आणून दिला. हिवाळी अधिवेशन लांबलं होतं आणि त्याची उरलेली चार दिवसांची बैठक मुंबईत होती. "बावीस वर्षं प्रश्न टाइप केलेस. एकदा उत्तरं कशी देतात ती बघून ये." माझी बहीण दादरला असते. तिच्याकडे उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गॅलरीत जाऊन बसले. खाली सभागृह म्हणजे मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लहान. जनूभाई आता तिसऱ्या रांगेत, कडेला, एका खांबाच्या आडोशाला. नेहमीप्रमाणे शेवटच्या पानापासून काहीतरी वाचत.

ते काय वाचत होते हे मला ठाऊक होतं, कारण टिपणं मीच टाइप केली होती. त्या जुन्या मंडळाचंच दुरुस्ती विधेयक होतं. शेवटच्या पानावर किनाऱ्यांची नवी यादी, आणि त्या यादीत सातव्या ओळीला हर्णेचं वाळवण.

साडेबाराच्या सुमाराला कशावरून तरी ठिणगी पडली. कशावरून ते आज विचाराल तर परत आठवणार नाही. अभिजितराव उठले, त्यांचा तो भरदार आवाज घुमला, कागद उडाले, आणि आमची सगळी बाकं घोषणा देत दाराकडे सरकली. दोन मिनिटांत विरोधी बाजू रिकामी. आजच्या काळाला शोभेल असा देखावा होता तो, मला वरून छानच दिसला. मग खांबाच्या आडोशाला नजर गेली. जनूभाई तिथेच. मान खाली, चष्मा नाकावर.

अध्यक्षांनी पुढचं काम घेतलं. नेमकं तेच विधेयक. मंत्री दोन मिनिटं बोलले आणि बसले. समोर विरोधच नाही म्हटल्यावर सगळं भराभर चाललं होतं. खांबाआडचा माणूस कुणाच्या खिजगणतीत नव्हता. ते दोनदा हात वर करून उठले, कुणाचं लक्ष गेलं नाही. समोरच्या बाकांवर गप्पा, हशा. मी गॅलरीच्या कठड्याला धरून बसले होते आणि माझेच शब्द मला ऐकू येत होते. आवाज कमी पडतो.

"अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे."

"होऽऽय," असा एकच गजर झाला.

"प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे." हे म्हणता म्हणता अध्यक्षांची मान खालच्या कागदाकडे वळलीसुद्धा होती.

"नाऽऽऽही!"

मी हा आवाज बावीस वर्षांत ऐकलेला नव्हता. छताला लागून तो खाली आला. समोरच्या गप्पा जागच्या जागी थांबल्या, अध्यक्षांचा हात कागदावर राहिला, दाराशी उभा शिपाई दचकून आत बघायला लागला. कधी उठले कळलं नाही, पण मी उभी होते आणि मागून रखवालदार बाई माझा पदर ओढून म्हणत होती, "अहो बाई, बसा, बसा."

सगळं शांत झाल्यावर जनूभाई आपल्या नेहमीच्या घशातल्या आवाजात म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मी पोल मागतो." त्या शांततेत ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

पोल मागितला की नावं मोजावी लागतात, आणि मोजण्याआधी घंटा वाजवून सगळ्या सदस्यांना आत बोलवावं लागतं. ती घंटा वाजायला लागली. लॉबीत, पायऱ्यांवर, उपाहारगृहात, सगळीकडे. आणि दारातून धावत पहिले आत आले ते अभिजितराव, कॉलरला टीव्हीवाल्यांचा माइक तसाच लोंबकळत. मागोमाग सगळी फौज. अभिजितराव पुढच्या आपल्या जागेवर गेले नाहीत. ते सरळ खांबापाशी आले. जनूभाईंनी काही न बोलता शेवटचं पान त्यांच्यापुढे सरकवलं आणि सातव्या ओळीवर पेन्सिल टेकवली. अभिजितरावांनी वाचलं. मग मागे वळून त्यांनी हाताने खूण केली, आणि आमचे सगळेच्या सगळे विरोधात उभे राहिले. एकेकाचं नाव लिहून घेण्यात आलं.

विधेयक संमत झालं, ते व्हायचंच होतं, बहुमत त्यांचं. पण या खेपेला ते एकमताने झालं असं जगातलं कुठलंच सरकार कोर्टात लिहून देऊ शकणार नाही. गजराकाकीच्या पिशवीत या खेपेला आमची नावं असतील. आजच्या काळाला कोण शोभतं हे निरीक्षकांनी मला आता येऊन विचारावं. टॅब घेऊन यावं, मी सावकाश सांगते, उतरवून घ्यावं.

खाली लॉबीत मी त्यांची वाट बघत उभी राहिले. बाहेर आले तेव्हा अभिजितराव बरोबर होते, काहीतरी विचारत होते, आणि मला शेवटचं तेवढं ऐकू आलं, "...मग उद्या कोणाला बसवू भाई?" जनूभाई म्हणाले, "पाळ्या लाव. रोज मी नको." मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. घसा पार बसला होता त्यांचा. खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं, आणि डोळे बारीक करून, अगदी हळू विचारलं,

"वरपर्यंत आलं काय गो ऐकू?"

मी नुसती मान हलवली. त्यांनी पिशवीतलं पुडकं काढून माझ्या हातात दिलं. इतक्यात आतून परत कसला तरी गोंधळ ऐकू आला. ते कान देऊन क्षणभर थांबले.

"थांब हां," म्हणाले, "आत कोण हाय की नाय, बघून येतो." आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीतून अंग चोरत ते आत गेले.